कीटकांचे पंख नेमके कशापासून झाले? (वर्गातून आलेला प्रश्न)

सड्यावरची शाळा (प्रश्न)

नमस्कार. मी राजापूर तालुक्यातील एका गावात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. यंदा पहिला मोठा पाऊस पडून गेला त्या रात्री आमच्या पडवीतील दिव्याभोवती वाळवीची पाखरे इतकी जमली की शेवटी दिवा मालवून बसावे लागले. सकाळी केर काढताना सुपलीभर पंख निघाले, पाखरू मात्र एकही दिसले नाही. त्यातील मूठभर पंख मी कागदाच्या पुडीत घालून वर्गात नेले आणि मुलांना भिंगाखाली पाहायला दिले. पुढचा पंख कोणता आणि मागचा कोणता हे ओळखू येणार नाही, इतके ते सारखे होते. प्रत्येकाच्या मुळाशी, जिथून तो तुटून पडतो तिथे, सुरीने कापल्यासारखी सरळ कड होती.

पंख पाहून झाल्यावर नववीतील एका मुलीने विचारले, “बाई, पक्ष्याचा पंख म्हणजे त्याचा हातच ना? वटवाघळाचाही हातच. मग वाळवीचे सहा पाय तर जागच्या जागी आहेत आणि वर चार पंख आहेत. हे पंख तिने कशाचे केले?”

मी तिला पाठ्यपुस्तकी उत्तर दिले की पंख ही शरीराच्या भिंतीची बाहेर आलेली वाढ आहे. घरी आल्यावर मात्र ते उत्तर मलाच अपुरे वाटू लागले. नुसती वाढ म्हणावी तर तिच्या मुळाशी बिजागरीसारखा सांधा कुठून आला, तो हलवणारे स्नायू कुठून आले आणि आत शिरांची एवढी शिस्तबद्ध जाळी कशी आली? शिवाय पंख एका दिवसात पुरता तयार झाला नसेल, तर अर्धवट पंख असलेला कीटक एखाद्या दगडात कुठेतरी सापडायला हवा. तसा तो सापडला आहे काय? आणि आपल्याकडील जांभ्यात किंवा काळ्या दगडात असे काही मिळण्याची शक्यता आहे काय? मुलांना सुट्टीच्या दिवशी सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) नेऊन शोध घ्यायला लावावे, असा माझा विचार आहे. जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

जुना खडक

बाई, आपल्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न गेली दीडशे वर्षे कीटकशास्त्रात उभा आहे, आणि तो इतक्या नेमक्या शब्दांत मांडलेला मी क्वचितच वाचला आहे. पक्षी, वटवाघूळ आणि नामशेष झालेले उडणारे सरपटणारे प्राणी या तिघांनीही पुढचे पाय खर्ची घालून पंख मिळवले. कीटकाने एकही पाय न गमावता पंख मिळवले, आणि तेही या तिघांच्या कितीतरी आधी. उडणारे सरपटणारे प्राणी सुमारे २२ ते २३ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत दिसू लागतात. कीटकांचे निःसंशय पंख सुमारे ३२.४ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत आहेत. म्हणजे जवळजवळ दहा कोटी वर्षे हवेत कीटकांखेरीज दुसरे कोणीही पंख हलवत नव्हते.

आता जीवाश्मांविषयी. अर्धा पंख असलेला, ज्यावर कोणाचाही वाद नाही असा कीटक आजवर दगडात सापडलेला नाही. जर्मनीत बिटरफेल्ड भागात मिळालेला डेलिट्शाला हा सर्वांत जुन्या पंखधारी कीटकांपैकी एक मानला जातो, आणि त्याचा पंख पुरता तयार झालेला, शिरांनी भरलेला पंख आहे. त्याच्यानंतर थोड्याच काळात वेगवेगळ्या घराण्यांचे पंखधारी कीटक एकदमच समोर येतात. याचा अर्थ घडणीचा काळ त्याच्या आधीचा असला पाहिजे. अडचण अशी की सुमारे ३८.५ कोटी ते ३२.५ कोटी वर्षे या दरम्यान कीटकांचे जीवाश्म जवळजवळ मिळतच नाहीत. वहीची नेमकी तीच पाने फाटलेली असावीत, तसे हे आहे.

त्याही मागे गेले तर स्कॉटलंडमधील ऱ्हायनी गावच्या गारगोटीसारख्या खडकात, सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीचे, ऱ्हायनिओग्नाथा नावाचे एक डोके आहे. खरे तर जबड्यांची एक जोडी आणि आजूबाजूचा थोडा भाग. २००४ साली मायकेल एंगेल आणि डेव्हिड ग्रिमाल्डी यांनी त्या जबड्यांची ठेवण पंखधारी कीटकांशी जुळते, असे दाखवले आणि पंखांचा इतिहास एकदम आठ कोटी वर्षांनी मागे जाऊ शकेल, असे मांडले. २०१७ साली दुसऱ्या अभ्यासकांनी तोच नमुना गोमेच्या कुळातील प्राण्याचा असावा, असे म्हटले. पंख तर त्या दगडात नाहीतच. माझ्या मते केवळ जबड्यावरून पंखांचे वय ठरवणे धाडसाचे आहे.

याउलट जनुकांच्या तुलनेवरून काढलेली गणिते जुन्या तारखेकडे झुकतात. २०१४ मध्ये शंभराहून अधिक कीटकजातींची जनुकीय माहिती एकत्र करून केलेल्या मोठ्या अभ्यासात कीटकांचा उगम सुमारे ४७.९ कोटी आणि उड्डाणाचा आरंभ सुमारे ४०.६ कोटी वर्षांपूर्वी, असा अंदाज निघाला. दगडातील घड्याळ आणि जनुकांचे घड्याळ यांच्यात आठ कोटी वर्षांचा फरक उरतो. तो का उरतो याचा विचार करताना आपल्या सुपलीतील पंख उपयोगी पडतील. त्या रात्री पाखरांची शरीरे पालींनी, बेडकांनी आणि मुंग्यांनी खाल्ली आणि पंख तेवढे उरले, कारण पंखात खाण्यासारखे काही नसते आणि तो सहज कुजतही नाही. पुढे ज्यांचा दगडी कोळसा झाला त्या प्राचीन जंगलांतही असेच घडले. म्हणूनच त्या काळातील असंख्य कीटकजाती केवळ एका सुट्या पंखावरून ओळखल्या आणि नावारूपाला आणल्या गेल्या आहेत. पंख जर इतका टिकाऊ आहे, तर ३२.४ कोटी वर्षांच्या आधी तो एकदाही का सापडू नये? पंख तेव्हा फारसे पसरलेले नसावेत, याकडे मी या शांततेचा कौल मानतो. अर्थात त्या मधल्या काळातील योग्य प्रकारचे खडकच कमी आहेत, असे मानणारेही अनेक अभ्यासक आहेत.

आपल्या विद्यार्थिनीला आवडेल असा एक पुरावा मात्र दगडात स्पष्ट आहे. फ्रान्समधील कॉमेंत्री येथील कोळशाच्या खाणीतून एकोणिसाव्या शतकात शेकडो कीटक निघाले आणि शार्ल ब्राँन्यार यांनी त्यांचा अभ्यास केला. त्यांत पॅलिओडिक्टिऑप्टेरा या नामशेष गटातील कीटक आहेत. त्यांना सोंडेसारखे लांब तोंड होते आणि ते वनस्पतींचा रस पीत. त्यांच्या वक्षाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या खंडावर नेहमीच्या पंखांच्या दोन जोड्या आहेत. पण डोक्यालगतच्या पहिल्या खंडावरही दोन्ही बाजूंना गोलसर, पाकळीसारखी एकेक लहान फळी आहे आणि तिच्यातही शिरांसारख्या रेषा आहेत. तीही पंख नव्हे, पण पंखाची सख्खी बहीण म्हणावी अशी. आजच्या वाळवीच्या, झुरळाच्या किंवा चतुराच्या पहिल्या खंडावर पंख नाहीत. एके काळी तिथेही तेच साहित्य होते, हे या दगडांनी दाखवले. याच खाणीत मेगान्यूरा हा चतुरासारखा कीटकही मिळाला. त्याच्या पसरलेल्या पंखांची रुंदी सुमारे ६५ सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल एवढी होती.

दर्याची झुळूक

मेगान्यूराच्या काळी हवेत प्राणवायू फार होता, म्हणून कीटकांना पंख फुटले, असे मी वाचले होते. तेच बाईंच्या प्रश्नाचे उत्तर नाही काय?

जुना खडक

दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत, म्हणून थोडे स्पष्ट करतो. आज हवेत प्राणवायू २१ टक्के आहे आणि कार्बोनिफेरस कल्पाच्या, म्हणजे त्या कोळशाच्या जंगलांच्या काळाच्या, उत्तरार्धात तो ३० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असावा, असे हवेच्या इतिहासाची गणिते सांगतात. कीटक फुप्फुसाने श्वास घेत नाहीत. शरीराच्या बाजूंना असलेल्या छिद्रांतून हवा बारीक नळ्यांनी थेट पेशींपर्यंत जाते. हवेत प्राणवायू अधिक असला तर ही व्यवस्था मोठ्या शरीरालाही पुरू शकते. त्यामुळे प्राणवायूचा संबंध आकाराशी जोडला जातो, आणि २०१२ मध्ये दहा हजारांहून अधिक जीवाश्म पंखांची मापे घेऊन केलेल्या अभ्यासात कीटकांचा मोठ्यात मोठा आकार दीर्घकाळ प्राणवायूच्या प्रमाणाबरोबर वर-खाली होत गेलेला दिसला. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी, पक्षी अवतरल्यावर, ही जोडी सुटली. परंतु मोठा पंख होणे निराळे आणि पंख मुळात होणे निराळे. मेगान्यूरा हा पंखांच्या जन्मानंतर कितीतरी काळाने आलेला कीटक आहे, आणि तो आजच्या चतुरांचा थेट पूर्वजही नाही. त्यांच्या घराण्याची ती एक बाजूची, पुढे खुंटलेली शाखा आहे.

खाडीकाठ

मी मत्स्यविज्ञानाचे शिक्षण घेतले आहे आणि रत्नागिरीजवळ खाडीकाठीच वाढले. बाई, आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे सांधा, स्नायू आणि शिरा कुठून आल्या, याचे उत्तर मला आईने शिकवलेल्या एका कामातून समजले, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

कुर्ल्या साफ करताना (रायगडात यांनाच चिंबोऱ्या म्हणतात) आपण पाठीचे कवच उचलून बाजूला काढतो. आत दोन्ही कडांना पांढुरक्या, टोकाकडे निमुळत्या, पिसांसारख्या मऊ पट्ट्यांची ओळ असते. ते कल्ले. खाण्यात ते चालत नाहीत, म्हणून आपण ते ओढून फेकून देतो. ओढताना लक्ष दिले तर दिसते की प्रत्येक कल्ल्याचे मूळ पायांच्या ओळीपाशी आहे. शेवंड मिळाली तर हे अधिक चांगले कळते. तिचा पाय मुळापासून हळूहळू ओढून काढला, तर एखादा कल्ला पायाला चिकटूनच बाहेर येतो; दुसरा पाय आणि अंग यांच्यामधल्या पातळ पडद्याला लागून राहतो; आणि तिसरा अंगाच्या भिंतीवरच बसलेला असतो. म्हणजे पायाचे मूळ कुठे संपते आणि अंग कुठे सुरू होते, ही सीमाच या प्राण्यांत पुसट आहे.

हे कीटकांना का लागू पडते? कारण कीटक हे कवचधारी प्राण्यांच्याच वंशातून निघाले आहेत. आज जिवंत असलेल्यांपैकी त्यांचे सर्वांत जवळचे नातलग रेमिपीड नावाचे, किनाऱ्यालगतच्या पाण्याखालील गुहांत राहणारे आंधळे प्राणी आहेत. कुर्ली ही कीटकाची पूर्वज नव्हे, हे मुलांना जरूर सांगावे. परंतु पायाच्या मुळाशी बाहेरच्या बाजूने कल्ला, पाकळी किंवा फळी असे जोडउपांग असणे ही या साऱ्या घराण्याची जुनी ठेव आहे.

एकोणिसाव्या शतकातच यावर दोन तट पडले होते. कार्ल गेगेनबाऊर यांनी १८७० च्या सुमारास पंखांचे मूळ पाण्यातील पिल्लांच्या कल्ल्यांत पाहिले. फ्रिट्झ म्युलर यांनी त्याच दशकात पंख ही पाठीच्या पट्ट्याची बाजूला वाढलेली कड आहे, असे म्हटले, आणि आपल्याला विशेष वाटेल की त्यांनी ते वाळवीच्या अपरिपक्व पिल्लांचा अभ्यास करताना म्हटले. पाठ्यपुस्तकातील “शरीरभित्तीची वाढ” हे म्युलर यांचेच मत आहे. शंभर वर्षे दोन्ही बाजूंनी युक्तिवाद चालले. पाठीची कड मानली तर सांधा आणि स्नायू नव्याने निर्माण झाले असे मानावे लागते. कल्ला मानला तर तो पायापासून पाठीपर्यंत वर कसा सरकला, हे सांगावे लागते.

जनुकांचा अभ्यास सुरू झाला तेव्हा हा वाद पुढे सरकला. १९९७ मध्ये मिखालिस अवेरोफ आणि स्टीफन कोहेन यांनी दाखवले की कीटकात पंख घडवताना जी दोन जनुके कामाला लागतात, त्यांच्याशी समान जनुके आर्टेमियाच्या पायावरील कल्ल्यासारख्या पाकळीतही कामाला लागतात. आर्टेमिया म्हणजे कोळंबीच्या हॅचरीत पिल्लांना खाद्य म्हणून देतात तोच चिमुकला कवचधारी प्राणी. पुढे २०१३ मध्ये पिठात होणाऱ्या तांबड्या भुंगेऱ्यावर एक प्रयोग झाला, जो मला आजही थक्क करतो. प्रत्येक खंडाला “तू कोणता खंड आहेस” हे सांगणारी काही नियंत्रक जनुके असतात. पहिल्या खंडाला पंखांपासून रोखणारे तसे जनुक मंद केले, तर भुंगेऱ्याच्या पहिल्या खंडावरही पंखासारखी वाढ होते. ती कशातून होते हे पाहिले, तेव्हा त्या खंडावरच्या दोन वेगळ्या जागा, एक पाठीच्या पट्ट्याची कड आणि दुसरी पायाच्या मुळालगतच्या बाजूच्या पट्ट्या, एकत्र येऊन तो पंख झालेला आढळला. ‘जुना खडक’ यांनी वर सांगितलेली कॉमेंत्रीचे सहा फळ्यांचे (चार पंख आणि पहिल्या खंडावरच्या दोन लहान फळ्या) कीटक आणि हा भुंगेरा एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. दगडात जे होते, ते जिवंत कीटकात अजून दबून बसलेले आहे.

२०२० मध्ये हेदर ब्रूस व निपम पटेल यांनी आणि स्वतंत्रपणे कोर्टनी क्लार्क-हॅक्टेल व योशिनोरी तोमोयासू यांनी पार्‌हायाली नावाच्या किनाऱ्यावरील चिमुकल्या कवचधारी प्राण्यावर काम प्रसिद्ध केले. ब्रूस आणि पटेल यांनी पाय घडवणारी जनुके एकेक करून बंद पाडली आणि पायाचा कोणता खंड नाहीसा होतो, ते कीटकाच्या पायाशी ताडून पाहिले. त्यांचा निष्कर्ष असा की कवचधारी पूर्वजाच्या पायाचे अगदी वरचे, अंगालगतचे खंड कीटकांत अंगाच्या भिंतीत मुरून गेले आणि त्या खंडांवरची फळीही त्यांच्याबरोबर वर, पाठीपाशी जाऊन बसली. हे मानले की म्युलर आणि गेगेनबाऊर दोघेही आपापल्या जागी बरोबर ठरतात. पंख अंगाच्या भिंतीतून आला हे खरे, पण ती भिंतच पूर्वी पाय होती. सांधा आणि स्नायू नव्याने निर्माण करण्याची गरज उरत नाही. ते पायाचेच आहेत.

आपल्या मुलीने विचारले, पंख कशाचे केले? माझे उत्तर असे असेल की पायाचेच केले, पण पायाच्या खालच्या भागाला हात न लावता.

सड्यावरची शाळा

हे वाचताना मी दोनदा उठून स्वयंपाकघरात गेले आणि फ्रीजमधील कुर्ल्या काढून पाहिल्या. इतकी वर्षे कल्ले फेकून देत आले, त्यांचे मूळ कुठे आहे हे कधी पाहिले नव्हते. दोघांचेही मनापासून आभार.

वर्गात हे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला आहे. कल्ला पाण्यात श्वासासाठी उपयोगी आणि पूर्ण पंख उडण्यासाठी उपयोगी. पण मधल्या अवस्थेत, जेव्हा ती फळी ना धड कल्ला होती ना धड पंख, तेव्हा तिचा उपयोग काय? उपयोग नसता तर ती टिकली कशी असती?

माडाची सावली

या प्रश्नावर मी बराच काळ वाचन केले आहे, म्हणून लिहितो.

कसर आपल्या सर्वांच्या घरातील जुन्या पुस्तकांत आणि कपड्यांत असते. ती कीटकांच्या अशा घराण्यातली आहे ज्यांना पंख कधी आलेच नाहीत. तिला काचेवर ठेवून वरून पाहिले, तर वक्षाचे तिन्ही खंड बाजूंना थोडे पसरलेले, छपराच्या वळचणीसारखे पायांवर आलेले दिसतात. तिच्यासारखेच दिसणारे, उड्या मारणारे, पंखहीन कीटक उष्ण प्रदेशांतील उंच झाडांच्या शेंड्यांवर राहतात. २००९ मध्ये स्टीव्ह यानोवियाक, मायकेल कास्पारी आणि रॉबर्ट डडली यांनी त्यांना झाडावरून खाली सोडून त्यांच्या पडण्याचे निरीक्षण केले. ते दगडासारखे सरळ खाली पडत नाहीत. अंग चपटे करून, शेपटीच्या मधल्या लांब तंतूने दिशा धरून ते पुन्हा त्याच झाडाच्या खोडाकडे वळतात आणि बहुतेक वेळा खोडाला जाऊन चिकटतात. पंख नसताना हवेत वळता येते, हे इथे डोळ्यांनी दिसले. मग अशा प्राण्याच्या अंगाची कड एक-दोन मिलिमीटरने रुंद झाली आणि सांध्यामुळे किंचित वाकवताही आली, तर पडताना खोड गाठणे तेवढे सोपे होईल. नारळावरून सुकलेली झावळी पडते आणि नारळ पडतो, या दोन पडण्यांतला फरक आपल्या मुलांना सांगावा लागणार नाही.

दुसरी एक कल्पना १९९४ मध्ये जेम्स मार्डन आणि मेलिसा क्रेमर यांनी मांडली. स्टोनफ्लाय नावाचे काही कीटक पंख फडफडवत पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत जातात, हवेत उठत नाहीत; उड्डाणाची सुरुवात अशा घसरण्यातून झाली असेल, असे त्यांचे म्हणणे. कल्पना देखणी आहे. तरी मला ती पटत नाही, कारण पंखधारी कीटकांचे जवळचे पंखहीन नातलग, म्हणजे कसर आणि तिचे भाऊबंद, जमिनीवरचे आहेत आणि हवेच्या नळ्यांनी श्वास घेण्याची पद्धतही जमिनीवरची आहे. पाण्यातील पिल्ले ही चतुर आणि मेफ्लाय यांच्या वंशात नंतर आलेली गोष्ट असावी. याच कारणासाठी बाईंच्या प्रश्नातील एक शब्द मी बदलू इच्छितो. कीटकांच्या थेट पूर्वजाकडे ती फळी कल्ला म्हणून पाण्यात काम करत होती आणि मग एकदम हवेत आली, असे मानण्याची आवश्यकता नाही. जमिनीवर आल्यानंतर ती बराच काळ नुसती पायांवरची ढाल, अंगाची कड म्हणून राहिली असेल.

तिसरी गोष्ट उन्हाची. जोएल किंगसोल्व्हर आणि मिमी कोल यांनी १९८५ मध्ये लहान-मोठ्या फळ्या लावलेल्या कीटकांच्या प्रतिकृती वाऱ्याच्या बोगद्यात तपासल्या. अगदी आखूड फळ्यांचा उडण्याला काही लाभ दिसला नाही, पण अंग उन्हाने तापण्याला दिसला. फळी एका मर्यादेपलीकडे लांब झाली की उलट झाले. म्हणजे एकच अवयव एका कामासाठी वाढत गेला आणि वाढता वाढता दुसऱ्या कामाच्या उंबरठ्यावर पोहोचला, असे घडू शकते. मी स्वतः झाडावरून पडण्याच्या बाजूने अधिक झुकतो, तरी सकाळी ओल्या सड्यावर चतुर पंख उन्हाकडे धरून निश्चल बसलेले पाहिले की ही तिसरी गोष्ट बाजूला टाकवत नाही.

एक छोटे निरीक्षण मुलांकडून जरूर करून घ्यावे. मेलेल्या चतुराचा पंख उजेडासमोर न धरता डोळ्यांच्या पातळीवर आडवा धरून कडेने पाहायला सांगावे. तो सपाट नसतो. पन्हळी पत्र्यासारखा त्याला उंच-सखल घड्या असतात, एक शीर उंचावर तर पुढची खोलात. पन्हळीमुळे पत्रा जसा वासे दूर असले तरी वाकत नाही, तसा हा पातळ पापुद्राही घड्यांमुळे ताठ राहतो. कार्बोनिफेरस कल्पातील पंखांतही हीच उंच-सखल घडण आहे, आणि दगडातील चेपलेल्या पंखाची कोणती शीर कोणती, हे ठरवताना अभ्यासक तिचाच आधार घेतात.

विहिरीचा काठ

सड्यावर शोध घेण्याविषयी लिहितो, कारण माझे आयुष्य बोअरवेल आणि विहिरींच्या कामात गेले आहे. बाई, मुलांना सड्यावर अवश्य न्या, पण पंखांच्या जन्माचा पुरावा तिथे मिळेल असे त्यांना सांगू नका. आपला काळा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. लाव्हा थिजून झालेल्या दगडात कीटक टिकत नाही. जांभा हा तोच दगड ऊन-पावसाने कुजून, त्यातील लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहून झालेला आहे, म्हणजे त्याहूनही नवा. पंख जन्मले तेव्हापासून हा लाव्हा वाहीपर्यंत पंचवीस कोटींहून अधिक वर्षे लोटली होती.

तरीही अगदीच काही नाही, असे नव्हे. रत्नागिरीच्या आसपास विहीर खणताना जांभ्याचा थर फोडून खाली गेले की काही ठिकाणी राखी-काळी चिकण माती आणि तिच्यात कोळशासारखे काळे पडलेले लाकूड लागते. मी ते हातात घेतले आहे. ओले असताना नखाने सोलता येते आणि आतले लाकडाचे धागे दिसतात. ही जंगले एक-दोन कोटी वर्षांपूर्वीची आहेत. असे काही निघाले तर फेकून न देता पानांचे ठसे पाहावेत.

जुन्या कीटकांसाठी मात्र कोकणाबाहेर जावे लागेल. सुरतेजवळ वस्तान येथील लिग्नाइटच्या खाणीत सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचा अंबर, म्हणजे झाडाची दगडासारखी घट्ट झालेली राळ, मिळाला असून त्यात शेकडो कीटक व कोळी अडकलेले आहेत. २०१० मध्ये त्यांच्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील कोटा स्तरांत डायनोसॉरच्या काळातील, जुरासिक कल्पातील कीटकांचे ठसे आहेत. दोन्ही ठिकाणचे पंख आजच्या पंखांसारखेच पूर्ण आहेत.

खाडीकाठ

दगड नाही तर नाही; जिवंत पुरावा किनाऱ्यावर आहे. ओहोटीला खडकांवर झुरळासारखे सुसाट पळणारे, सावली पडताच फटीत शिरणारे करडे प्राणी मुलांनी नक्की पाहिले असतील. ते कीटक नाहीत, कुर्लीच्याच मोठ्या घराण्यातील आहेत. त्यांना चौदा पाय असतात. एखादा काचेच्या बरणीत धरून भिंगाने बाजूने पाहावा. प्रत्येक पायाच्या वर अंगाची कड पसरून एकेक पट्टी झालेली दिसते. त्या पट्टीत पायाचा सर्वांत वरचा खंड चपटा होऊन अंगात मुरलेला आहे. ब्रूस आणि पटेल ज्याविषयी बोलतात ते इथे समोर पाहता येते. पाहून झाल्यावर त्याला त्याच फटीपाशी सोडून द्यावे.

सड्यावरची शाळा

येत्या रविवारी सकाळी ओहोटी आहे. नववीच्या वर्गाला घेऊन मी खडकांवर जाणार आहे. बरणी आणि दोन भिंगे बरोबर असतील. सोमवारी वर्गात एका पांढऱ्या बशीत कुर्लीचे कल्ले, दुसरीत चतुराचा पंख आणि तिसरीत कसर, असे शेजारी शेजारी ठेवायचे ठरवले आहे. भुंगेऱ्याच्या पहिल्या खंडाची गोष्ट मी काल वर्गात सांगितली. त्यावर त्या मुलीने वाळवीचा पंख वहीत चिकटपट्टीने लावून घेतला, खाली पेन्सिलने “पायाचा वरचा तुकडा” असे लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले. प्रश्नचिन्ह ठेवू का, असे तिने मला विचारले. मी ठेव म्हटले.